सांधेबदल

करजणात कागदाचे काम निघाले की माणूस तालुका कचेरीच्या आसपासचे झेरॉक्सचे दुकान गाठतो. सातबाराचा उतारा, आधारची प्रत, शाळेचा फॉर्म, रेल्वेचे तिकीट. दुकानदार फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घेतो आणि पाठ वळवायच्या आत कागद हातात ठेवतो. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने मिटली. मुलांचा अभ्यास फोनवर येऊ लागला आणि शिक्षक ‘प्रिंट काढून सोडवा’ असे लिहू लागले. मग ज्या घरांनी प्रिंटरचा कधी विचारही केला नव्हता, त्या घरांतही तो आला. पुढे शाळा उघडल्या, दुकाने उघडली, प्रिंटर मात्र घरातच राहिला. बहुतेक शाईच्या टाकीचा, अंगावर धूळ बसू नये म्हणून रुमाल पांघरलेला, आणि खोक्यावर तीन कमानींची वायफायची खूण मिरवणारा. विकणाऱ्याने तर छातीठोक सांगितलेले असते, ‘वायर लागतच नाही.’

असे एक मराठी घर डोळ्यापुढे आणावे. मूळचे बडोद्याच्या दांडिया बाजारातले, नोकरीपायी तीसेक किलोमीटर दक्षिणेला करजणला येऊन इथलेच झालेले. आजोबा निवृत्त शिक्षक, नात पुण्याला शिकते. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती आणि प्रिंटरच्या पडद्यावर, पडदा असलाच तर, इंग्रजी. स्वस्तातल्या बऱ्याच प्रिंटरांना पडदाही नसतो. चार-पाच बटणे आणि जवळपास तितकेच दिवे. दिवा स्थिर असला तर एक अर्थ, लुकलुकला तर दुसरा, दोन दिवे आळीपाळीने लुकलुकले तर तिसराच. हे अर्थ पुस्तिकेत दिलेले असतात आणि पूर्ण पुस्तिका हल्ली इंटरनेटवर असते. छपाईचे यंत्र विकणाऱ्यांनीच स्वतःची पुस्तिका छापणे सोडून द्यावे, यातला विनोद त्यांच्या कचेरीत कोणाला सुचला नसावा.

प्रिंटरला वायफायवर आणण्यातला मूळ पेच फार साधा आहे. घरचे वायफाय कुलूपबंद असते आणि त्याची किल्ली म्हणजे पासवर्ड. फोनला पासवर्ड सांगता येतो, कारण फोनवर अक्षरे उमटतात. टीव्हीला रिमोटने का होईना, एकेक अक्षर निवडून सांगता येते. पण ज्याला चारच बटणे आहेत, त्याला लहानमोठी इंग्रजी अक्षरे, अंक आणि मधेच एखादी खूण घातलेला बारा अक्षरी पासवर्ड सांगायचा कसा?

त्यावर २००७ च्या सुमारास बाजारात आलेला तोडगा म्हणजे डब्ल्यूपीएस. राउटरवरचे बटण दाबायचे, दोन मिनिटांच्या आत प्रिंटरचे वायफायचे बटण दाबायचे. किल्लीची देवघेव दोघे आपापसांत करतात. माणसाने फक्त दोन खोल्यांमध्ये पळायचे. पद्धत खरोखर सुटसुटीत होती, पण तिच्या जोडीला आठ अंकी पिनची आणखी एक पद्धत ठेवलेली होती आणि तिने घात केला. २०११ च्या डिसेंबरात श्टेफान फीबॉक या ऑस्ट्रियन संशोधकाने दाखवून दिले, की राउटर हा पिन एकसंध तपासत नाही. आधी चार अंक तपासतो, मग उरलेले. शेवटचा अंक तर आधीच्या सातांवरून काढता येतो. त्यामुळे कोट्यवधी शक्यतांऐवजी अकरा हजार प्रयत्नांत कुलूप उघडते. दोष पिनचा होता, पण धसका सगळ्या डब्ल्यूपीएसचाच बसला. बऱ्याच राउटरांवर ही सोय बंद ठेवलेली असते, काहींवर बटणच नसते, आणि डब्ल्यूपीए-३ या नव्या सुरक्षापद्धतीत तर डब्ल्यूपीएसला जागाच नाही.

मग उरते ती आजची रूढ पद्धत. प्रिंटर नवा असला, किंवा त्याची दोन बटणे एकदम काही सेकंद दाबून धरली, की तो स्वतःचेच एक छोटे तात्पुरते वायफाय सुरू करतो. फोनमधल्या अ‍ॅपने घरचे वायफाय सोडून त्या वायफायवर जायचे, प्रिंटरच्या कानात घरच्या वायफायचे नाव आणि पासवर्ड सांगायचा, आणि परत यायचे. प्रिंटर आपले दुकान गुंडाळतो आणि घरच्या वायफायवर हजर होतो. कागदावर ही फारच हुशारीची योजना आहे. घरात ती तीन ठिकाणी अडते.

पहिली अडचण फोनच्याच शहाणपणाची. प्रिंटरच्या तात्पुरत्या वायफायवर इंटरनेट नसते. हे फोनच्या लक्षात येते आणि ‘इथे इंटरनेट नाही’ असे म्हणून तो गुपचूप मोबाइल डेटावर किंवा जुन्या वायफायवर परत उडी मारतो. अ‍ॅप इकडे वाट पाहत गोल गोल फिरत राहते. दुसरी अडचण परवानग्यांची. अँड्रॉइड फोनमध्ये आसपासची वायफाय शोधायला अ‍ॅपला बहुधा ‘लोकेशन’ची परवानगी लागते, आणि आयफोनवर २०२० पासून घरातल्या नेटवर्कवरची उपकरणे पाहायला वेगळी परवानगी लागते. प्रिंटरच्या अ‍ॅपला आपला ठावठिकाणा कशाला हवा, असा रास्त संशय घेऊन जो माणूस ‘नको’ म्हणतो, त्याला प्रिंटर सापडतच नाही. सावध माणसालाच भुर्दंड.

तिसरी अडचण सगळ्यांत जास्त घरे खाते. तिच्यासाठी पुण्याच्या नातीला फोन लावावा लागतो.

‘आजोबा, तुमचा फोन कुठल्या वायफायवर आहे?’

‘आपल्याच.’

‘आपल्याच म्हणजे कुठल्या? साध्या, की पुढे पाच जी लिहिलंय त्या?’

‘पाच जी. ते जोरात चालतं असं तो बसवणारा भाई म्हणाला होता.’

‘तिथेच घोळ आहे. साध्यावर या आणि पहिल्यापासून करा.’

‘पहिल्यापासून?’

‘पहिल्यापासून.’

फायबरवाला जो राउटर बसवून जातो, तो बहुधा एकाच वेळी दोन पट्ट्यांवर बोलतो. एक २.४ गिगाहर्ट्‌झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्‌झचा. पुष्कळ ठिकाणी दोघांची नावेही वेगळी असतात. दुसऱ्याच्या शेपटीला ‘५जी’ जोडलेले असते. २०२२ च्या ऑक्टोबरात मोबाइलचे फाइव्ह-जी आले, त्याच्याशी या शेपटीचा काही संबंध नाही, पण घरोघरी गैरसमज मात्र तोच आहे. घरगुती इंकजेट प्रिंटर बहुतांशी २.४ वरच बोलतात. फोन ५ वर असला की अ‍ॅप प्रामाणिकपणे त्या ५ च्या वायफायचे नाव प्रिंटरला सांगते, आणि प्रिंटरला तर त्या नावाचे वायफाय दिसतच नाही. तो शोधतो, थकतो, दिवा लुकलुकवतो. कोणीच खोटे बोललेले नसते. मापच जुळलेले नसते.

आणि मापाची गोष्ट करजणला नव्याने सांगावी लागू नये.

गावाचे स्टेशन मियागाम-करजण जंक्शन. मुंबईहून बडोद्याला जाणारा मोठा मार्ग त्यावरून जातो. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा हा रूळ १८६१ मध्ये बडोद्यापर्यंत पोचला. दोन रुळांतले अंतर साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशरच्या गिरण्यांना तिकडून येणारा कापूस अडला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. करजणचा हा काळ्या जमिनीचा कानम मुलूख तर कापसाचाच. बडोद्याच्या गादीवर तेव्हा खंडेराव गायकवाड होते. त्यांनी १८६२ मध्ये डभोईपासून मियागामपर्यंत वीस मैलांचा रूळ टाकला. माप अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. देशातला पहिला नॅरोगेज म्हणून तो ओळखला जातो. त्यावरून गाड्या ओढायला बैल होते. पुढच्याच वर्षी ग्लासगोच्या नीलसन कंपनीने या रुळांसाठी इंजिन बनवले, पण रूळ इतके हलके होते की इंजिनाचा भार त्यांना झेपेना. मजबूत रूळ पडेपर्यंत पुढे बरीच वर्षे बैलांचेच राज्य राहिले.

इंजिन ग्लासगोहून आले आणि ओढायला पुन्हा बैलच, हे ऐकून हसू येते. पण नवे यंत्र आणि जुना पाया यांची गाठ पडली की असेच व्हायचे. वायफायचा नवाकोरा प्रिंटर घेऊन फाइल मात्र पेनड्राइव्हवर घालून झेरॉक्सवाल्याकडे नेणारी घरे आजही आहेत, आणि त्यांना हसण्याचा हक्क कोणाला असेल तर तो खंडेरावांच्या बैलांना.

मियागामला ब्रॉडगेज आणि नॅरोगेज शेजारी शेजारी आले, पण एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर कधीच चढू शकली नसती. त्याची गरजही नव्हती. डभोईकडची गाडी एका बाजूला लागायची, मोठी गाडी दुसऱ्या बाजूला. मधे फलाट, हमाल आणि गठ्ठे. माल उतरायचा आणि चढायचा. जंक्शनचे कामच ते. घरातला राउटर अगदी हेच करतो. फोन ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी छपाईला काही अडत नाही, कारण फोनने धाडलेले पान राउटर एका पट्ट्यावर उतरवून घेतो आणि दुसऱ्यावर चढवतो. एकाच राउटरची ती दोन तोंडे. अडते ते फक्त पहिल्या ओळखीच्या वेळी, कारण तेव्हा फोन प्रिंटरला स्वतःच्याच फलाटाचा पत्ता देतो. म्हणून पुण्याची नात म्हणते की साध्यावर या. एकदा प्रिंटर घरात शिरला की आजोबांनी खुशाल पुन्हा पाच जीवर जावे.

मोठ्या मापाला कमी लेखणारा, किंवा लहान मापाला मागास म्हणणारा, दोघेही चुकतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे बारा सेंटिमीटर, ५ ची त्याच्या निम्म्याच्या आसपास. लांब लहर भिंती जास्त चांगल्या ओलांडते. एका पानाचा मजकूर म्हणजे काही सिनेमा नव्हे; त्याला वेग लागत नाही, पोच लागते. त्यामुळे देवघराशेजारच्या कोपऱ्यात ठेवलेल्या प्रिंटरला २.४ च बरा. शिवाय तो पट्टा कोणाच्या मालकीचा नाही. भारत सरकारने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा २००५ च्या जानेवारीत परवान्याविना वापरायला मोकळा केला. नाही तर घरात वायफाय लावायलाही अर्ज करावा लागला असता. मोकळा असल्यामुळे तिथे गर्दी मात्र आहे. ब्लूटूथ तिथेच, शेजाऱ्यांची वायफाय तिथेच, मायक्रोवेव्हची भट्टीही त्याच पट्ट्यात तापते. ढोकळा गरम करताना छपाई थबकली तर प्रिंटरला दोष देऊ नये.

कधी कधी माप जुळलेले असते, दोघे एकाच राउटरवर असतात आणि तरी भेट होत नाही. याचे कारण बहुधा पाहुण्यांचे वायफाय. घरी आलेल्यांना इंटरनेट मिळावे पण घरातल्या यंत्रांना हात लावता येऊ नये, अशी ही सोय. त्यावर जोडलेल्याला सगळे जग दिसते, फक्त शेजारच्या खोलीतला प्रिंटर दिसत नाही. ज्या घरात हौसेने सगळेच फोन ‘गेस्ट’वर टाकले आहेत, त्या घरात प्रिंटर एकलकोंडा होतो.

यंत्र दारात असूनही काम अडण्याची तऱ्हा या मुलखात जुनीच आहे. मियागामच्या त्या मोठ्या रुळावरून करजणहून दक्षिणेला निघाले की भरूच, अंकलेश्वर आणि मग सुरत. सतराव्या शतकात सुरतेत भीमजी पारेख नावाचे बडे दलाल होते, ईस्ट इंडिया कंपनीशी व्यवहार करणारे. त्यांना आपल्याकडचे ग्रंथ छापून काढायची इच्छा झाली आणि त्यांनी कंपनीकडे मुद्रक मागितला. कंपनीने १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक, यंत्र आणि टाइप मुंबईला धाडले. यंत्र आले, माणूस आला, कागद होता. अडले ते अक्षरापाशी. हिल्सना इंग्रजी टाइप जुळवता येत होता. इथल्या लिपीचे खिळे पाडणे हे वेगळेच कसब. भीमजींनी आपल्या पदरच्या कारागिरांकडून बनिया लिपीचे खिळे पाडून घ्यायचा प्रयत्न केला. काही कागद छापूनही झाले आणि ते नीट वाचता येत होते, असे कंपनीच्या पत्रव्यवहारात नमूद आहे. पण खर्च आणि खटाटोप इतका, की उद्योग तिथेच विरला. अ. का. प्रियोळकरांनी ‘द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया’ या १९५८ च्या ग्रंथात ही हकीकत दिली आहे.

भीमजींचा अडसर आज करजणच्या घरात औषधालाही उरलेला नाही. तोही काही एका रात्रीत गेला नाही. संगणक आल्यावरसुद्धा देवनागरी छापायला जिस्ट नावाचे वेगळे कार्ड बसवावे लागे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले हे काम १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी होती आणि गुजरातीही. आता आजोबा एकाच दुपारी सत्यनारायणाचे मराठी निमंत्रण, सोसायटीची गुजराती नोटीस आणि नातीचा इंग्रजी अर्ज छापू शकतात. प्रिंटरला लिपी कळत नाही आणि कळायची गरजही नाही. पान त्याच्याकडे पोचते ते ठिपक्यांचे चित्र होऊन. साडेतीनशे वर्षांपूर्वी यंत्र जागेवर होते आणि अक्षर मिळत नव्हते. आता अक्षर फुकट मिळते आणि ते यंत्रापर्यंत पोचवताना नाकी नऊ येतात.

ते ठिपके कसे पडतात, हा या पेटीतला खरा चमत्कार, आणि त्याकडे कोणी पाहतही नाही. १९७७ मध्ये जपानच्या कॅनन कंपनीत एका संशोधकाच्या हातची तापलेली सोल्डरिंगची कांडी शाई भरलेल्या सुईला लागली आणि टोकातून शाई उडाली. उष्णतेने क्षणात बुडबुडा होतो आणि तो थेंब ढकलतो, ही कल्पना तिथून निघाली. जवळपास त्याच काळात अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डही स्वतंत्रपणे त्याच वाटेने चालले होते. त्यांचा थिंकजेट १९८४ मध्ये आला आणि डेस्कजेट १९८८ मध्ये, ९९५ डॉलरला. एप्सनने उष्णतेऐवजी विजेच्या झटक्याने वाकणारा स्फटिक वापरला. थेंब इतका बारीक, की एका मिलिलिटरात असे कोट्यवधी थेंब मावतात. टाकीवाल्या प्रिंटरची गोष्ट तर अस्सल आपल्या वळणाची आहे. इंडोनेशियात लोक कार्ट्रिजच्या किमतीला कंटाळून प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि शाईच्या बाटल्या जोडू लागले. शेवटी एप्सननेच २०१० मध्ये तिथे टाकीचा प्रिंटर काढला. आपल्याकडेही सुईने कार्ट्रिज भरून देणारे गल्लोगल्ली होतेच. जुगाड आधी, कारखाना मागाहून.

प्रिंटर जुळला, पहिले पान निघाले, आजोबांनी ते नातीला फोटो काढून पाठवले. गोष्ट इथे संपली असे वाटते. ती संपत नाही, कारण मे महिन्यात लाइट जाते.

लाइट येते तेव्हा राउटर नव्याने जागा होतो आणि घरातल्या प्रत्येक यंत्राला पुन्हा पत्ता वाटायला बसतो. हे पत्ते भाड्याचे असतात. काल प्रिंटर १९२.१६८.१.५ वर राहत होता, आज तिथे टीव्ही येऊन बसतो आणि प्रिंटर ७ वर जातो. संगणक मात्र जुन्या बिऱ्हाडाचे दार ठोठावतो, आतून कोणी ओ देत नाही, आणि पडद्यावर ‘ऑफलाइन’ येते. प्रिंटर तर समोर दिवा लावून बसलेला असतो. या पत्त्यांची आणखी एक गंमत अशी, की १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे १९९४ मध्ये खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. त्यामुळे १९२.१६८.१.५ हा पत्ता करजणमध्ये घरोघरी आहे, पुण्यात आहे, न्यू जर्सीतही आहे आणि कुठेच एकमेकांशी टक्कर होत नाही. फोनवरून छापताना सहसा हा घोळ होत नाही, कारण फोन प्रत्येक वेळी ‘इथे प्रिंटर कोण आहे?’ अशी हाळी देतो आणि प्रिंटर नावानिशी उत्तर देतो. जुन्या पद्धतीने आकड्याशी बांधलेला संगणक फसतो. यावर इलाज आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवता येतो. दहा मिनिटांचे काम, आणि दर लाइट गेल्यावरचा मनस्ताप वाचतो. फायबर बसवायला येणाऱ्याने ते जाता जाता करून द्यायला हरकत नाही. पण त्याला त्या दिवशी आणखी घरे करायची असतात.

आणखी एक गैरसमज इथेच मोडावा. नेट बंद असले की छपाई होणार नाही, असे पुष्कळांना वाटते. रस्ता खोदताना फायबर तुटली तरी राउटर चालू असेतो घरातल्या फोनवरून घरातल्या प्रिंटरवर पान जाते. ते पान घराबाहेर पडतच नाही. गूगलने २०१० मध्ये उलटी वाट काढली होती. क्लाउड प्रिंट नावाच्या त्या सोयीत शेजारच्या खोलीत जायचे पान आधी गूगलच्या संगणकावर जायचे आणि तिथून परत यायचे. ३१ डिसेंबर २०२० ला ती सेवा बंद झाली आणि फक्त तिच्याच भरवशावर असलेले प्रिंटर एका रात्रीत मुके झाले. आजही काही अ‍ॅप छपाईच्या आधी खाते उघडायला लावतात. ज्या पानाला उंबरठा ओलांडायचाच नाही, त्याच्यासाठी नाव, ईमेल आणि मोबाइल नंबर कशाला? ही सक्ती गैर आहे आणि ती गैर आहे असे म्हणायला हवे.

यंत्राने माणसाला काही सांगू नये, यावरून एकदा मोठेच रामायण घडले. १९८० च्या आसपास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सने भेट दिलेला एक लेझर प्रिंटर होता. तो एका मजल्यावर आणि वापरणारे दुसऱ्यावर. कागद अडकला की कोणाला कळायचेच नाही. माणूस जिना चढून जायचा आणि पाहतो तो काय, पान निघालेलेच नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये एक सुधारणा केली होती, की कागद अडकताच वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जावा. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅम त्यांना कोणी देईना. ज्याच्याकडे होता तो गुप्ततेच्या करारावर सही करून बसलेला. त्या चिडीतून पुढे जे घडत गेले, त्यात १९८३ च्या सप्टेंबरातली ग्नू प्रकल्पाची घोषणा आली, मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ आली. आज करजणातला लुकलुकता दिवा पाहून जो माणूस वैतागतो, त्याची तक्रारही मुळात तीच आहे. काय बिघडले ते सांगा, एवढेच त्याचे म्हणणे.

जास्त सांगणारा प्रिंटरही बरा नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात एका हॅकरने जगभरातल्या सुमारे पन्नास हजार प्रिंटरांवर एका यूट्यूबरची जाहिरात छापून दाखवली. त्याला कुठलेही कुलूप फोडावे लागले नाही. ते प्रिंटर इंटरनेटला थेट उघडे होते आणि आलेले पान मुकाट्याने छापत होते. घरचा राउटर सहसा ही वाट बंद ठेवतो. पण प्रिंटरचे स्वतःचे ‘वायफाय डायरेक्ट’ चालू राहिले आणि त्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच असला, तर भिंतीपलीकडच्या पोरांनाही छपाईची हौस फेडता येते. वापरत नसल्यास ते बंद करावे, वापरत असल्यास पासवर्ड बदलावा.

राहता राहिली शाई. उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे गेला आणि प्रिंटर महिनाभर पडून राहिला, तर सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांत शाई वाळते. मग ‘हेड क्लीनिंग’ करा, त्यात पुन्हा शाई घाला. आठवड्याला एक रंगीत पान छापले की हा प्रश्न सहसा येत नाही. आणि प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करू नये, त्याच्या स्वतःच्या बटणाने करावा. तेव्हाच तो छपाईचे हेड जागेवर नेऊन झाकतो. वायफायच्या गोंधळात कावलेला माणूस नेमका भिंतीवरचा खटका बंद करतो.

इतके सगळे ज्यांना करायचे आहे, त्यांनी आधी फोन साध्या २.४ च्या वायफायवर आणावा, तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद करावा, अ‍ॅपला मागेल ती परवानगी काम होईपर्यंत द्यावी, प्रिंटर पहिल्या दिवशी राउटरच्या खोलीतच ठेवावा आणि जुळल्यावर हवा तिथे हलवावा. प्रिंटरकडूनच नेटवर्कचा अहवाल छापून घ्यावा. बहुतेक प्रिंटर एखादे बटण दाबून धरले की तो देतात. त्यावर पत्ता असतो, तो कागद पाठीमागे चिकटवून ठेवावा. तीन-चार जण वेगवेगळ्या फोनवरून छापत असतील तर ही खटपट वसूल होते.

पण घरात संगणक एकच, प्रिंटर एकच आणि दोन्ही एकाच टेबलावर असतील, तर वायफायच्या वाटेला जाऊच नये. यूएसबीची साधी वायर पाच मीटरपर्यंत चालते, आणि करजणमधल्या फार थोड्या खोल्या त्याहून लांब आहेत.